भाड्याचा १५ केव्हीए जनरेटर, पाच एचपीची मोटर आणि वेल्डिंग: शेडच्या कामाच्या नोंदी

काम: सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या प्रतवारीसाठी ६० बाय १०० फुटांची पत्र्याची शेड. महावितरणकडे थ्री फेज जोडणीचा अर्ज गेला आहे, मीटर यायला वेळ लागेल. तोवर बोअरची मोटर, वेल्डिंग, कटर आणि रात्रीचे दिवे ट्रॉलीवरच्या डिझेल जनरेटरवर चालणार. या नोंदी फक्त विजेच्या जोडणीच्या आहेत.

९ एप्रिल २०२५: लोडची यादी

जनरेटर ठरवण्याआधी प्रत्येक यंत्राची नेमप्लेट वाचली. चालू करंट आणि सुरू होतानाचा करंट वेगवेगळे लिहिले, कारण जनरेटर बसतो, म्हणजे भाराखाली दबतो, तो यंत्र सुरू होताना.

बोअरची सबमर्सिबल मोटर ५ एचपी, ३.७ किलोवॅट, थ्री फेज, ९ अँपिअर. डीओएल स्टार्टर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) आहे, म्हणजे सुरू होताना साधारण सहापट, ५० अँपिअरच्या आसपास. मोटरमधून तीनच वायरी वर आल्यात, त्यामुळे स्टार-डेल्टाचा (कमी करंटने सुरू करणाऱ्या स्टार्टरचा) प्रश्नच येत नाही. त्याला सहा वायरी लागतात. वेल्डिंगचं यंत्र सिंगल फेज इन्व्हर्टर, २०० अँपिअरचं. १४ इंची कटर २३०० वॅट, ७ इंची ग्राइंडर २२०० वॅट, दोन ४ इंची ग्राइंडर, चार १०० वॅटचे एलईडी फ्लड.

१५ केव्हीए (जनरेटरची क्षमता, व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबात) म्हणजे ४१५ व्होल्टवर दर फेजला २०.९ अँपिअर. सगळी गफलत इथे होते. "पंधराचा आहे, वेल्डिंग सहज चालेल" असं म्हणतात, पण सिंगल फेजचं यंत्र एकाच फेजवर बसतं आणि त्या फेजच्या वाट्याला पाचच केव्हीए येतात. वेल्डिंगचा हिशेब असा: १०० अँपिअरवर आर्कचा व्होल्टेज २४ (२० अधिक करंटच्या ०.०४ पट), म्हणजे २.४ किलोवॅट. यंत्राची कार्यक्षमता ०.८५ आणि पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष किलोवॅटचा हिस्सा) ०.७ धरला तर जनरेटरकडून ४ केव्हीए, १७ अँपिअर. हेच यंत्र पूर्ण २०० अँपिअरवर नेलं तर ३९ अँपिअर मागेल. म्हणून या जनरेटरवर वेल्डिंगची मर्यादा १०० ते ११० अँपिअर. ३.१५ एमएमचा ६०१३ प्रकारचा वेल्डिंग रॉड तेवढ्यात नीट जळतो, ४ एमएमचा नाही. जाड प्लेटचे जोड फॅब्रिकेटरच्या वर्कशॉपमध्येच करून आणायचे ठरले.

मोटर आणि वेल्डिंग एकदम चालवलं तर आर फेजवर (तीन फेजची नावं आर, वाय, बी) २६ अँपिअर होतात. बसत नाही. मोटर चालू असताना हत्यारं बंद, हा नियम. नियम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडायचा नाही, पॅनलमध्येच बांधायचा.

२५ केव्हीए का नाही? दिवसातला बराच वेळ लोड ४-५ किलोवॅटच राहणार. २० किलोवॅटच्या इंजिनवर तो चौथा हिस्सा झाला. इतक्या हलक्या लोडवर इंजिन आठवडेच्या आठवडे चाललं की डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं ओशट गळायला लागतं. शिस्तीने वापरला तर १५ चा पुरतो.

१२ एप्रिल: जनरेटर आला

नेमप्लेट: १५ केव्हीए, १२ किलोवॅट, ०.८ पीएफ (पॉवर फॅक्टर), ४१५ व्होल्ट, १५०० आरपीएम. रिकामा चालवून मोजला: ५२.१ हर्ट्झ, ४१७ व्होल्ट. रिकाम्यावर ५२ दिसतात म्हणून गव्हर्नरला (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाला) हात लावायचा नाही. लोड आला की तो पन्नाशीकडे उतरतो. रिकाम्यावर नेमके ५० करून ठेवले तर लोडवर ४८ च्या खाली जातो.

बॉडीच्या अर्थिंग बोल्टवर रंगाचा जाड थर होता. पॉलिश पेपरने धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला.

जागा: शेडपासून ८ मीटर, सायलेन्सरचं तोंड कामाच्या जागेपासून पलीकडे. पत्र्याच्या आत किंवा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवायचा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासाला येत नाही, आणि अर्धवट बांधलेली शेडसुद्धा तो साठायला पुरेशी बंदिस्त असते. चाकांना विटा लावल्या.

ऊन ४१-४२ अंशांवर आहे. गरम होतो म्हणून कॅनोपीची (जनरेटरवरच्या पेटीची) दारं उघडून चालवायची सवय आहे, ती चुकीची. दारं बंद असतानाच हवा रेडिएटरमधून ओढली जाते. दार उघडलं की पंखा जवळची गरम हवाच फिरवत बसतो.

१३ एप्रिल: अर्थिंग

४० एमएम जीआय पाइप, २.५ मीटर लांब, दोन खड्डे, पाच मीटर अंतरावर. सव्वा मीटरवर कडक मुरूम लागला, पुढे ब्रेकर लावावा लागला. कोळसा-मीठ भरून पाणी सोडलं. अर्थ टेस्टरवर पहिला खड्डा ३८ ओहम, पाणी मुरल्यावर २२. दोन्ही जोडून १३ ओहम.

तेरा ओहमवर इथल्या मुरमात समाधान मानावं लागतं, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ग्राइंडरच्या बॉडीवर फेज आली आणि करंट फक्त मातीतून परत गेला, तर २४० भागिले १३, म्हणजे १८ अँपिअर. २५ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) त्यावर पडणार नाही. बॉडी जिवंत राहील आणि जमिनीवर उभ्या माणसाला झटका बसेल. चांगला खड्डा काढला म्हणजे सुरक्षित झालो, हा समज इथे मोडतो. फॉल्टचा करंट परत जायला तांब्याचा रस्ता हवा: यंत्राच्या बॉडीपासून हिरव्या वायरने थेट जनरेटरच्या अर्थिंग पट्टीपर्यंत, आणि तिथून लिंकने (जोडतारेने) न्यूट्रलला. खड्डा सगळ्या बॉडी जमिनीच्या पातळीवर धरून ठेवतो. एमसीबी पाडायचं काम तांबं करतं.

जनरेटरच्या बॉडीला दोन वेगळ्या पट्ट्या, दोन वेगळ्या खड्ड्यांपर्यंत. एक सुटली तरी दुसरी राहते.

१५ एप्रिल: केबल आणि डीबी (वीज वाटपाची पेटी)

लागलेलं सामान:
- ६ स्क्वेअर एमएम, ५ कोअर, तांब्याची रबरी फ्लेक्झिबल केबल: ३५ मीटर
- ३२ अँपिअर, ५ पिन लाल इंडस्ट्रियल प्लग आणि सॉकेट, आयपी ६७ (धूळ-पाणी न शिरणारे): १ जोडी
- जनरेटरजवळच्या पेटीत: ४ पोल बी कर्व्ह २५ अँपिअर एमसीबी १, ४ पोल १०० एमए (मिलिअँपिअर) एस टाइप आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून पडणारा स्विच) १
- शेडमधल्या डीबीत: ४ पोल ३० एमए ए टाइप आरसीसीबी १, ३ पोल कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) १, स्टार्ट-स्टॉप बटण, हत्यारांसाठी सिंगल पोल १६ अँपिअर ४, दिव्यांसाठी ६ अँपिअर १
- क्रिम्प लग, फेरूल (तारांच्या टोकावर दाबायची धातूची टोपी), ग्लँड, १२ भोकांच्या न्यूट्रल आणि अर्थिंग पट्ट्या

बी कर्व्ह (एमसीबी किती पट करंटला लगेच पडते, त्याचा प्रकार) का, हे लिहून ठेवतो, कारण दुकानात मागितलं की सी कर्व्हच हातात देतात. महावितरणच्या लाइनवर शॉर्ट झाला की शेकडो अँपिअर धावतात, कुठलीही एमसीबी पडते. १५ केव्हीएचा अल्टरनेटर (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) पहिल्या काही सायकलींत फार तर दीडशे-दोनशे अँपिअर देतो. त्यानंतर त्याचा स्वतःचा व्होल्टेज कोसळतो आणि साध्या एव्हीआरची (व्होल्टेज स्थिर राखणाऱ्या कार्डाची) ताकदही त्याच व्होल्टेजवर असते, म्हणून करंट आणखी ढासळतो. सी ३२ ला लगेच पडायला १६० ते ३२० अँपिअर हवेत; ती न पडता केबल तापत राहू शकते. बी २५ ला ७५ ते १२५ पुरतात. मोटरचे सुरुवातीचे ५० त्याच्या खाली बसतात.

एस टाइप म्हणजे जरा थांबून पडणारी. हत्यारात गळती झाली तर आधी शेडमधली ३० एमए पडेल, मोटरचा आणि दिव्यांचा पुरवठा चालू राहील. मोटरला ३० एमएवर घेतलेलं नाही. बोअरमधल्या लांब केबलची नेहमीची गळती तिला विनाकारण पाडत राहते. वेल्डिंगच्या इन्व्हर्टरमुळे एसी टाइप टाळली. त्याच्या रेक्टिफायरमुळे गळती डीसीच्या अंगाची असू शकते आणि एसी टाइपला ती दिसत नाही.

केबल ड्रमवरून पूर्ण उलगडून टाकली. उरलेली गुंडाळी करून ठेवायची नाही, गुंडाळीच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही. ट्रॅक्टर जातो तिथे दीड फूट खोल जीआय पाइपमधून नेली. व्होल्टेज ड्रॉप पूर्ण लोडवर ४-५ व्होल्ट, म्हणजे एक टक्का. ठीक.

मोटर-हत्यारं इंटरलॉक: मोटरच्या कॉन्टॅक्टरचा एनसी (एरवी जोडलेला, मोटर लागली की तुटणारा) कॉन्टॅक्ट हत्यारांच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला मालिकेत. मोटर लागली की हत्यारांचा पुरवठा तुटतो. इथे एक धोका लपलेला आहे. ग्राइंडरचं बटण लॉक करून ठेवलेलं असतं. मोटर बंद झाल्यावर कॉन्टॅक्टर आपोआप ओढला गेला तर जमिनीवर पडलेला ग्राइंडर कुणाच्या हाताशिवाय फिरायला लागेल. म्हणून कॉइलला होल्डिंगचं स्टार्ट-स्टॉप बटण. पुरवठा परत आला तरी माणसाने येऊन हिरवं बटण दाबल्याशिवाय हत्यारं जिवंत होत नाहीत.

१७ एप्रिल: चाचणी

आधी पुरवठा न देता. केबल ५०० व्होल्ट मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर), सगळ्या कोअर एकमेकींशी आणि अर्थशी: १०० मेगाओहमच्या वर. मोटर केबलसकट: १८ मेगाओहम. अल्टरनेटरला मेगर लावायचा असेल तर एव्हीआरच्या वायरी आधी काढाव्या लागतात, नाहीतर मेगरच एव्हीआर जाळतो. हिरव्या कोअरची कंटिन्युइटी टोकापासून टोकापर्यंत ०.१२ ओहम. ३५ मीटरच्या ६ स्क्वेअरला एवढीच यायला हवी.

मग जनरेटर लावला. दोन्ही आरसीसीबींची टेस्ट बटणं दाबली, दोन्ही पडल्या. बरेच जण इथेच समाधान मानतात. नंतर आरसीसीबी टेस्टर सॉकेटमध्ये लावून फेज ते अर्थ ३० एमए सोडले. काही झालं नाही. १०० एमए सोडले. तरीही काही नाही.

मल्टिमीटरने जनरेटरच्या टर्मिनलवर मोजलं: आर ते न्यूट्रल २४०. आर ते बॉडी १३१, वाय ते बॉडी १४४, बी ते बॉडी ११७, आणि आकडे स्थिर राहत नव्हते. न्यूट्रल तरंगता होता. टर्मिनल बॉक्स उघडून पाहिलं तर एनच्या बोल्टपासून बॉडीकडे कुठलीच वायर जात नव्हती. खड्डे होते, पट्ट्या होत्या, हिरवी वायर होती. पण त्या सगळ्याला अल्टरनेटरच्या वाइंडिंगकडे परत जायचा रस्ता नव्हता. करंट जिथून निघाला तिथे त्याला परत यावंच लागतं. रस्ता नसेल तर गळतीचा करंट वाहतच नाही, आणि आरसीसीबीला पाहण्यासारखं काही उरत नाही.

टेस्ट बटण मग पडतं कसं? ते बटण आरसीसीबीच्या पोटातच फेज आणि न्यूट्रलमध्ये एक रेझिस्टर जोडतं. अर्थिंगचा त्याच्याशी संबंध येत नाही. अर्थिंगची वायर मुळातून तोडून टाकली तरी ते बटण रोज सकाळी व्यवस्थित पडत राहील. बटण आरसीसीबीची यंत्रणा मोकळी आहे एवढंच सांगतं. अर्थिंगचा रस्ता पुरा आहे का, हे बाहेरून फेज-अर्थ करंट सोडूनच कळतं.

तरंगत्या न्यूट्रलवर पहिला फॉल्ट गुपचूप राहतो. कटरच्या बॉडीवर आर फेज आली तरी कुणाला जाणवत नाही. पुढे दुसऱ्या हत्याराच्या बॉडीवर बी आली, आणि हिरवी वायर कुठे सुटलेली असताना दोन हत्यारांना दोन हात लागले, की मधे ४१५ व्होल्ट.

लिंक लावली: एनच्या बोल्टपासून अर्थिंग पट्टीपर्यंत १० स्क्वेअर एमएम तांबं, दोन्ही टोकांना क्रिम्प लग, आरसीसीबीच्या आधी, जनरेटरच्या बाजूला. आता आर, वाय, बी ते बॉडी २३९, २४०, २४०. न्यूट्रल ते बॉडी शून्य. टेस्टरवर ३० एमएची आरसीसीबी २८ मिलिसेकंदात पडली. मर्यादा ३०० ची आहे. जनरेटर भाड्याचा असल्याने पुरवठादाराला सांगून लिंकवर टॅग बांधला.

लिंक या एकाच जागी. शेडच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थिंग पट्टी पुन्हा जोडली तर न्यूट्रलचा काही करंट हिरव्या वायरने परत जातो, आणि आरसीसीबी त्याला गळती समजून पडत राहते. मग माणसं वैतागून आरसीसीबीच काढून टाकतात.

छोट्या पेट्रोल जनरेटरना ही लिंक डोळे मिटून लावायची नाही. इन्व्हर्टर प्रकारच्या सेटमध्ये दोन्ही टोकं इलेक्ट्रॉनिक्समधून येतात, लिंकने आतलं कार्ड जाऊ शकतं. त्या सेटचं पुस्तक पाहूनच.

१८ एप्रिल: मोटर

पहिल्या प्रयत्नात दिवे आणि कटर चालू होते. इंटरलॉकची वायर अजून जोडायची राहिली होती. बटण दाबताच कॉन्टॅक्टर टरटर वाजला, दोन सेकंदांत सोडून दिला. ५० अँपिअर म्हणजे ३६ केव्हीएची झेप, १५ केव्हीएच्या अल्टरनेटरवर. व्होल्टेज क्षणभर तीसेक टक्क्यांनी खाली जातो, २९० च्या आसपास. कॉन्टॅक्टरची कॉइल ओढली जायला ८५ टक्के व्होल्टेज हवा. ती ओढते, व्होल्टेज पडतो, सुटते, व्होल्टेज वर येतो, परत ओढते. असा टरटरणारा कॉन्टॅक्टर दोन मिनिटं सोडला तर त्याचे पॉइंट एकमेकांना चिकटतात.

इंटरलॉक पुरा केला. रिकाम्या जनरेटरवर मोटर सुरू केली: एक बसका (व्होल्टेजची क्षणभराची घट), पाऊण सेकंद, आणि चालू. तिन्ही फेजवर टाँग टेस्टरने (वायर न तोडता करंट मोजणाऱ्या मीटरने) ८.९, ९.१, ९.०. मोठं यंत्र आधी, बाकी नंतर.

पाणी आलं पण धार बारीक. फेजचा क्रम उलटा होता. सबमर्सिबल उलटी फिरली तरी थोडं पाणी देतेच, म्हणून पाणी आलं म्हणजे सरळ फिरते असं धरायचं नाही. स्टार्टरच्या इनकमिंगला दोन फेज बदलल्या, धार पाइपभर झाली.

स्टार्टर पॅनलमधला कपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या आधी जोडलेला होता. तो पुढे, मोटरच्या बाजूला घेतला. रिकाम्या जनरेटरवर कपॅसिटर लोंबकळत राहिला तर तो व्होल्टेज चढवतो.

२१ एप्रिल

वेल्डिंग आर फेजवर, कटर वायवर, मोठा ग्राइंडर आणि दिवे बीवर. १०० अँपिअरवर वेल्डिंग करताना आर १६.५ अँपिअर. हिशेब जुळला. पाच हजार लिटरची टाकी सकाळी कामाआधी भरून घ्यायची.

२४ एप्रिल: जुनं यंत्र

लवकर उरकावं म्हणून एक जुनं तेलाचं वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर आणलं गेलं. "दोन फेजवर टाकू की, जमतंय." ३०० अँपिअरचं यंत्र, ८० व्होल्ट ओपन सर्किट (रॉड टेकवण्याआधीचा व्होल्टेज), दोन फेजमध्ये पुरं चालवलं तर २४ केव्हीए, ५८ अँपिअर. कमी करंटवर चालवलं तरी दोन फेजवर सगळा भार आणि तिसरी रिकामी. अशा असंतुलनाने अल्टरनेटरचा रोटर तापतो, आणि बाहेरून ते दिसत नाही. एव्हीआर सरासरी व्होल्टेज सांभाळायला बघतो आणि रिकाम्या फेजचा व्होल्टेज चढतो. त्या फेजवर दिवे असतात. जोडलं नाही, परत पाठवलं. रोज चार तास जास्त लागले तरी चालतील.

२६ एप्रिल: न्यूट्रल

संध्याकाळी वेल्डरने रॉड टेकवला की दिवे भगभगत. तो रॉड उचलला की परत नेहमीसारखे. डीबीवर अर्ध्या मिनिटात तीन आकडे घेतले: आर ते एन १५०, वाय ते एन २७३, बी ते एन ३२६. लगेच मेन पाडला.

फेज ते फेज ४१५ च होते, म्हणून मोटरला यातलं काही कळलं नसतं. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर जास्त लोड तिचा व्होल्टेज दबतो आणि हलक्या फेजचा चढतो. बीवरचे दोन फ्लड गेले.

दोष लाल प्लगमध्ये सापडला. न्यूट्रलच्या कोअरला फेरूल न घालता तारा तशाच स्क्रूखाली दाबल्या होत्या. निम्म्या तारा बाजूला सरकलेल्या, उरलेल्या तपकिरी पडलेल्या, भोवतीचं प्लास्टिक मधासारखं पिवळं होऊन मऊ झालेलं. प्लग बदलला, पाचही कोअरना फेरूल. बारीक तारांचं तांबं स्क्रूखाली बसत जातं, म्हणून नवी जोडणी पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा आवळायची. १५ एप्रिलच्या जोडणीत हे दुसरं आवळणं झालंच नव्हतं.

न्यूट्रलसकट पाहणारा व्होल्टेज रिले बसवला, मेन कॉन्टॅक्टरसह. वरची मर्यादा २६५, ०.२ सेकंदात. खालची १९५, पण ३ सेकंद थांबून, नाहीतर मोटर सुरू होतानाच्या बसक्यात रोज पडेल.

२ मे: हिरवी वायर गरम

कटरच्या एक्स्टेन्शनची वायर पायाला गरम लागली. कटर बंद होता. टाँग टेस्टर आख्ख्या वायरीवर ठेवला तर वेल्डिंग चालू असताना चाळीसच्या वर अँपिअर.

वेल्डिंगचा रिटर्न क्लँप (करंट यंत्राकडे परत नेणारा चिमटा) कटरच्या लोखंडी टेबलाला लावलेला होता आणि वेल्डिंग चाललं होतं खांबावर. खांब साइटच्या अर्थिंगला बांधलेला. वेल्डिंगचा करंट खांबातून अर्थिंग पट्टीवर, तिथून एक्स्टेन्शनच्या २.५ स्क्वेअरच्या हिरव्या कोअरने कटरच्या बॉडीत, टेबलात आणि क्लँपला परत जात होता. हे वेल्डिंग यंत्राच्या दुय्यम (रॉडकडच्या) बाजूचं वर्तुळ आहे, आरसीसीबीतून जातच नाही, म्हणून ती पडत नाही. एमसीबीही नाही. हिरवी कोअर आतून जळून तुटली असती तरी कटर नेहमीसारखा चालला असता, अर्थिंगशिवाय.

एक्स्टेन्शन बाद केलं. क्लँप जोडाच्या शक्य तितका जवळ, त्याच लोखंडावर, रंग घासून. रिटर्नची केबलही रॉडच्या केबलइतकीच, ३५ स्क्वेअरची.

९ मे: वळीव

रात्री पाऊस. सकाळी ३० एमएची आरसीसीबी उभी राहीना. एकेक एमसीबी पाडून बघितलं तरी पडते, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही आणि गळती न्यूट्रल ते अर्थ असली तरी आरसीसीबी पडते. सगळे प्लग काढले, उभी राहिली. मग एकेक मेगरवर: टेपने गुंडाळलेला एक जोड डबक्यात होता, जवळपास शून्य. कटर ०.६ मेगाओहम. जोड कापून टाकला, तिथे आयपी ६७ कपलर. कटर फुंकून कार्बनची धूळ काढली, उन्हात तीन तास ठेवला, ८ मेगाओहम आल्यावरच लावला. एकच्या खाली असलेलं हत्यार चालवायचं नाही. पाऊस चालू असताना काम बंद.

१४ मे

डिझेल: युनिटला साधारण ०.३ लिटर पडतंय. टाकी भरताना इंजिन बंद, दहा मिनिटं थांबून. बंद करण्याआधी लोड काढून तीन-चार मिनिटं रिकामा चालवायचा.

२० मे: महावितरणचं मीटर बसलं

प्रतवारी यंत्र येईपर्यंत जनरेटर बॅकअपला राहणार, म्हणून ४ पोल, ६३ अँपिअरचा चेंजओव्हर. मीटरकडून एक बाजू, जनरेटरकडून दुसरी, मधे बंद. दोन्ही बाजू एकदम लागूच शकत नाहीत अशी यांत्रिक रचना. दोन एमसीबी शेजारी बसवून "एक पाडून दुसरी लावायची" असली जोडणी किंवा सॉकेटमध्ये उलटा प्लग घालून घराला पुरवठा देणं इथे होऊ दिलेलं नाही. लाइन गेलेली असताना जनरेटरचे ४१५ व्होल्ट मीटरमधून बाहेर गेले तर ते डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरला उलट्या बाजूने मिळतात. ११ केव्ही ते ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही तितकाच चालतो. आजूबाजूच्या मोटरींच्या भाराने जनरेटर बसेल, पण त्याआधीच्या क्षणात खांबावरच्या लाइनमनच्या हातात ११ हजार व्होल्ट असतील, आणि त्याने तर लाइन बंद करून घेतलेली असते.

चार पोल यासाठी की न्यूट्रलही बदलायला हवा. महावितरणचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरजवळ अर्थ केलेला आहे, आपला जनरेटरजवळ. दोन्ही एकत्र राहिले तर आरसीसीबी कारणाशिवाय पडते.

फेज क्रम दोन्ही बाजूंनी फेज सिक्वेन्स मीटरवर तपासला. महावितरणचा क्रम उलटा निघाला. मोटरकडे न बदलता चेंजओव्हरच्या मीटरकडच्या इनकमिंगला बदलला, म्हणजे दोन्ही पुरवठ्यांवर मोटर सरळच फिरते. मीटरच्या सीलला हात नाही. काम परवानाधारक तारतंत्रीकडून, त्याचा टेस्ट रिपोर्ट फाइलला लावला.

२३ मे

दोन्ही पुरवठ्यांवर आरसीसीबी टेस्टर फिरवला: जनरेटरवर २८ मिलिसेकंद, महावितरणवर ३१. मोटर दोन्हीकडे ९ अँपिअर. चेंजओव्हरच्या दारावर आतून रेखाटन चिकटवलं: लिंक कुठे आहे, कुठला खड्डा कुठल्या पट्टीचा, रिलेच्या मर्यादा. लाल प्लगचे पाचही स्क्रू पुन्हा आवळले. न्यूट्रलचा पाव फेरा फिरला.